पुण्यात बसून बॉस्टन रेड सॉक्स फॉलो करायचंय? मग बॉक्स स्कोअरपासून सुरुवात करा

कामानिमित्त दोन वर्षं बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला होतो, तिथे बेसबॉलची लागण झाली ती पुण्यात परत आलो तरी गेली नाही. घरचे म्हणतात, पहाटे पावणेपाचला उठतोच आहेस तर मोबाईलमधे डोकं घालण्यापेक्षा पर्वतीवर तरी जाऊन ये. असो. मधूनमधून कोणीतरी विचारतं की मलाही एखादी टीम धरायची आहे, कुठून सुरू करू, आणि मग स्वतःच जाऊन १९०१ सालापासून वाचायला लागतं आणि १९२० येईपर्यंत दमून सोडून देतं. मीही तेच केलं होतं. म्हणून माझं म्हणणं असं की उलट्या बाजूने शिरायचं, आधी कालची मॅच, मग आकडे, आणि इतिहास सगळ्यात शेवटी, तोही सलग नाही तर कुठेतरी काहीतरी टोचलं की तेवढाच. मी रेड सॉक्स घेऊन सांगतो कारण मला तीच टीम नीट माहितीये, तुमची दुसरी असली तरी पद्धत हीच.

पहिलं काम: घड्याळ लावून घ्या

बेसबॉलचा पूर्ण सीझन, म्हणजे मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर, बॉस्टनमधे उन्हाळी वेळ चालू असते. त्यामुळे हिशोब सोपा आहे, तिथल्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे. संध्याकाळी ७:१० ची मॅच आपल्याकडे पहाटे ४:४० ला. दुपारी १:३५ ची असेल तर रात्री ११:०५, ही मी अर्धी बघून झोपतो. टीम कॅलिफोर्नियाच्या दौऱ्यावर गेली की खरी मजा, कारण मॅच आपल्या सकाळी सात-साडेसातला सुरू होते आणि चहा, आंघोळ, ऑफिसची बस यात आरामात निघते. आणि एक दिवस कॅलेंडरवर आत्ताच टाकून ठेवा: एप्रिलचा तिसरा सोमवार, पेट्रियट्स डे, बॉस्टन मॅरेथॉनचा दिवस. त्या दिवशी रेड सॉक्सची घरची मॅच सकाळी अकराच्या सुमारास असते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ-पावणेनऊ, जेवता जेवता बघता येते. नव्या माणसाला बेसबॉल दाखवायचा असेल तर हाच मुहूर्त.

२०२३ पासून पिच क्लॉक आलंय, बेसवर, म्हणजे पळताना क्रमाने गाठायच्या फर्स्ट, सेकंड, थर्ड या ठाण्यांवर, कोणी नसेल तर पिचरला (आपल्या बोलरला) १५ सेकंदात चेंडू टाकावाच लागतो, त्यामुळे मॅच आता अडीच-पावणेतीन तासात संपते. पूर्वी तीन तासाच्या वर रेंगाळायची.

रोज पूर्ण मॅच बघायचीच असं काही नाही, बघूही नका. १६२ मॅचेस असतात, जवळजवळ रोज. एमएलबीच्या, म्हणजे मेजर लीग बेसबॉलच्या, अ‍ॅपमधे गेमडे म्हणून फुकट प्रकार आहे, त्यात एकेक चेंडू चौकटीत कुठे पडला ते दिसतं, मी बऱ्याचदा तेवढंच बघतो. अमेरिकेत न्यू इंग्लंडमधे राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तिथे एमएलबीच्या नेहमीच्या सबस्क्रिप्शनवर स्थानिक टीम ब्लॅकआऊट असते, म्हणजे तिची मॅच दिसत नाही, मॅच नेसन या चॅनलकडे असते. पैसे भरण्याआधी हे तपासा, मी नव्हतं तपासलं.

दुसरं: बॉक्स स्कोअर वाचायला शिका, बाकी सगळं नंतर

बॉक्स स्कोअर म्हणजे मॅचचं स्कोअरकार्ड. हे एक जमलं की निम्मं काम झालं. वरती लाईन स्कोअर असतो, नऊ इनिंगचे नऊ रकाने आणि शेवटी रन्स, हिट्स, एरर्स. त्याखाली बॅटर्स. इथे क्रिकेटवाल्याची पहिली चूक होते ती अ‍ॅट-बॅट या रकान्यात. समजा एक जण पाच वेळा बॅटिंगला आला, दोनदा वॉक मिळाला म्हणजे चार बॉल सोडून चालत पहिल्या बेसवर गेला, दोनदा आऊट झाला आणि एकदा हिट मारला, म्हणजे फटक्यावर बेस गाठला. त्याच्या नावापुढे अ‍ॅट-बॅट पाच नाही, तीन दिसतील, कारण वॉक अ‍ॅट-बॅटमधे धरत नाहीत. बॅटिंग अ‍ॅव्हरेज तीनातून एक, .३३३. पण तो पाचातून तीनदा बेसवर पोचला, म्हणजे ऑन-बेस .६००. एकाच माणसाचा एकच दिवस, आणि दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ही गंमत एकदा कळली की पुढची सगळी आकडेमोड हिचाच विस्तार वाटायला लागते.

पिचरच्या रकान्यात ५.१ इनिंग लिहिलेलं दिसेल. अमेरिकन नवखे इथे अडखळतात, आपण नाही. आपल्या ओव्हर्ससारखंच आहे, ५.१ म्हणजे पाच इनिंग आणि वर एक आऊट. इनिंगमधे आऊट तीनच म्हणून ५.२ नंतर थेट ६.

आता वही. हो, कागदाची वही, हसू नका. बेसबॉलमधे प्रत्येक फील्डरला ठरलेला नंबर असतो: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राईट हे ७, ८, ९. जर्सीच्या नंबराशी याचा काही संबंध नाही. बॅटरने जमिनीलगत मारला, शॉर्टस्टॉपने उचलून फर्स्टला फेकला, आऊट, तर चौकोनात लिहायचं ६-३. फर्स्टवर आधीच एक जण उभा असताना तोच चेंडू शॉर्टस्टॉप, सेकंड, फर्स्ट असा फिरून दोघे आऊट झाले तर ६-४-३, डबल प्ले. सेंटरला झेल म्हणजे नुसता ८. स्ट्राईकआऊटला (तीन स्ट्राईक होऊन आऊट) इंग्रजी के, आणि बॅट न हलवता बघत राहून आऊट झाला तर तोच के उलटा, आरशात दिसतो तसा. माझ्या पहिल्या वहीत सगळे के सुलटे आहेत कारण मला हे माहीतच नव्हतं. आठवड्यातून एक मॅच अशी हाताने लिहा, दोन महिन्यात स्क्रीनकडे न बघता नुसत्या कॉमेंट्रीवर मैदान दिसायला लागतं.

चालू सीझन: पॉइंट टेबलसारखं वाचू नका

एमएलबीत अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग, रेड सॉक्स अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात आहेत, सोबत यांकीज, ब्लू जेज, रेज आणि ओरिओल्स. या चौघांशी प्रत्येकी १३ मॅचेस, म्हणजे १६२ पैकी ५२ इथेच जातात. टेबलमधे पॉइंट नसतात, जीबी नावाचा रकाना असतो, म्हणजे पहिल्यापासून किती गेम मागे. हिशोब असा: जिंकलेल्यांचा फरक अधिक हरलेल्यांचा फरक, भागिले दोन. वरचा ६०-४० आणि तुम्ही ५७-४३ असाल तर तीन अधिक तीन भागिले दोन, तीन गेम मागे. ऑगस्टच्या आधी हा रकाना बघून ब्लड प्रेशर वाढवून घेऊ नका.

आपल्या लोकांना इथे मानसिक त्रास फार होतो. आपण एक मॅच हरलो की पुतळे जाळणारी माणसं. २०१८ चे रेड सॉक्स ही त्यांच्या इतिहासातली सगळ्यात जास्त जिंकणारी टीम, १०८ विजय, वर्ल्ड सिरीजही घेतली, आणि ती टीमसुद्धा सीझनमधे ५४ वेळा हरली. चोपन्न! त्यामुळे एकट्या मॅचवर काही ठरवायचं नाही. त्यापेक्षा टीमने केलेल्या आणि दिलेल्या रन्सचा फरक बघा. बिल जेम्स नावाच्या माणसाने एक साधं सूत्र दिलंय, केलेल्या रन्सचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या दोन्ही रन्सच्या वर्गांची बेरीज. उत्तराला १६२ ने गुणलं की किती विजय व्हायला हवेत ते येतं. २०१८ ला ८७६ केले, ६४७ दिले, सूत्र सांगतं साधारण १०५ विजय, झाले १०८. म्हणजे थोडं नशीब होतं पण टीम खरोखरच तगडी होती. हेच तुमच्या टीमचं जूनमधे करून बघा, टेबलमधे वर असेल पण रन्सचा फरक उणे असेल तर पेढे मागवू नका. (हे जेम्स साहेब आधी रात्रपाळीचा वॉचमन होते आणि फावल्या वेळात हे असलं लिहायचे, पुढे २००२ मधे रेड सॉक्सनीच त्यांना सल्लागार म्हणून घेतलं.)

प्लेऑफला प्रत्येक लीगमधून सहा टीम जातात, तीन विभागविजेते आणि तीन वाईल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतल्या सगळ्यात चांगल्या तीन. वाईल्ड कार्डची सिरीज तीन मॅचेसची, पुढची पाचची, मग लीगची फायनल आणि वर्ल्ड सिरीज सात-सातच्या.

रोस्टरचं थोडक्यात: मुख्य टीम २६ जणांची, करारातली यादी ४० ची. सकाळी उठून बघावं तर ओळखीचा खेळाडू गायब असतो, घाबरू नका, इंज्युअर्ड लिस्टवर असेल, बॅटरला किमान १० दिवस, पिचरला १५. किंवा त्याला खाली ट्रिपल-एला, म्हणजे मुख्य टीमच्या लगेच खालच्या पायरीवरच्या टीमला, पाठवलं असेल. रेड सॉक्सची ट्रिपल-ए टीम २०२१ पासून वुस्टरमधे आहे (स्पेलिंग वाचून वॉर्सेस्टर म्हणू नका, तिथले लोक लगेच ओळखतात की नवीन आलाय). शेजारच्या श्रूजबरीत आपली बरीच मराठी मंडळी राहतात, त्यांना माझा सल्ला हाच की रेड सॉक्सच्या घरच्या मैदानाचं, फेनवेचं, महाग तिकीट काढायच्या आधी वुस्टरला पोराबाळांना घेऊन जा, उद्याचे खेळाडू जवळून दिसतात आणि खिसाही सांभाळला जातो.

जुलैअखेर ट्रेड डेडलाईन असते, म्हणजे टीम्सनी आपसात खेळाडू देण्याघेण्याची शेवटची तारीख, तेव्हा मन घट्ट करून ठेवा. फेब्रुवारी २०२० मधे मूकी बेट्ससारखा माणूस यांनी डॉजर्सना देऊन टाकला, तो भर सीझनमधेसुद्धा नाही, थंडीत. अजून माफ केलेलं नाही. २०२५ च्या जूनमधे राफाएल डेव्हर्स जायंट्सना. म्हणून जर्सी विकत घ्यायची असेल तर मागे निवृत्त खेळाडूचं नाव घालून घ्या, तो कुठे जात नाही.

आकडे: दोन माणसं पुरेत

आकड्यांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. टेड विल्यम्स घ्या, १९४१. शेवटचा दिवस उजाडला तेव्हा ४४८ अ‍ॅट-बॅटमधे १७९ हिट्स, भागाकार करा, .३९९५५ येतं. तीन आकड्यांपर्यंत धरलं तर .४००, म्हणजे घरी बसला असता तरी रेकॉर्डबुकात चारशे लागले असते. फिलाडेल्फियात डबलहेडर होता, दोन मॅचेस, तो दोन्ही खेळला, आठातून सहा हिट्स. १८५ भागिले ४५६, .४०६. त्यानंतर नॅशनल किंवा अमेरिकन लीगमधे कोणालाही पूर्ण सीझन .४०० जमलेलं नाही.

आता त्याच सीझनचा दुसरा रकाना बघा. १४७ वॉक. हिट्स, वॉक आणि अंगावर लागलेले तीन चेंडू मिळवून ६०६ पैकी ३३५ वेळा बेसवर, .५५३. निम्म्याहून जास्त वेळा हा माणूस आऊटच झाला नाही! आणि त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, कोणाला? सलग ५६ मॅचेसमधे हिट मारणाऱ्या यांकीजच्या जो डिमॅजिओला. यावर अजून भांडणं होतात, तुम्हीही भांडा, पण ऑन-बेसचा रकाना बघून भांडा.

दुसरा माणूस पेड्रो मार्टिनेझ, २०००. ईआरए म्हणजे पिचरच्या स्वतःच्या खात्यावरचे रन्स, गुणिले नऊ, भागिले इनिंग. त्याचे ४२ रन्स, २१७ इनिंग, उत्तर १.७४. नुसतं १.७४ वाचून काही वाटत नाही, कारण १९६८ सारख्या वर्षी असले आकडे इतरही पिचर्सनी काढलेत. पण २००० साली बॅटर्स पिसाट सुटले होते, अमेरिकन लीगची सरासरी पाचच्या जवळ होती. म्हणून ईआरए प्लस नावाचा आकडा बघायचा, त्यात काळ आणि मैदान दोन्हीचा हिशोब धरून सरासरी पिचर १०० मानतात. पेड्रो २९१. बॅटर्ससाठी असाच ओपीएस प्लस, बेसवर पोचणं आणि फटक्यांची ताकद एकत्र धरणारा. वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंची तुलना करायची तर या प्लसवाल्या आकड्यांवरच करा.

मैदानाचा हिशोब का, तर फेनवे पार्क. डावीकडे ग्रीन मॉन्स्टर, ३७ फूट उंच हिरवी भिंत, होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा असतो तिथून, जेमतेम ३१० फुटांवर. दुसरीकडे सहज झेल गेला असता असा उंच फटका इथे भिंतीला लागून डबल होतो (बॅटर सेकंडपर्यंत पोचतो), आणि दुसरीकडे होमरन (आपला सिक्सर) झाला असता असा सपाट फटका भिंतीला आपटून कधीकधी सिंगलवर अडकतो. त्यामुळे रेड सॉक्सच्या बॅटरचे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगवेगळे काढून बघायची सवय लावा.

वॉर हा आकडा सगळीकडे दिसेल, बदली खेळाडूपेक्षा हा किती विजय जास्त देतो त्याचा अंदाज. बेसबॉल-रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या दोन्ही साईट्सवर एकाच पिचरचा वॉर वेगळा असतो, कारण पहिली त्याने प्रत्यक्ष किती रन्स दिले ते धरते आणि दुसरी स्ट्राईकआऊट, वॉक, होमरन यावरून. चूक कोणाचीच नाही. एक साईट धरा आणि तिलाच चिकटून राहा. चेंडूचा वेग, फिरकी, बॅटवरून सुटतानाचा वेग हे असलं बघायचं असेल तर बेसबॉल सॅव्हंट, पण तिथे २०१५ च्या आधीचं फारसं मिळणार नाही आणि शिरलात तर रात्र गेली समजा.

इतिहास: फेनवेच्या उजव्या बाजूचे नंबर

फेनवेत उजव्या बाजूला वर टीमने रिटायर केलेले नंबर लावलेत: १, ४, ६, ८, ९, १४, २६, २७, ३४, ४५, आणि सगळ्या लीगने रिटायर केलेला ४२. महिन्याला एक नंबर घ्या. ९ म्हणजे टेड विल्यम्स, झाला. ८ यास्ट्रझेम्स्की, १९६७ चा ट्रिपल क्राऊन, म्हणजे अ‍ॅव्हरेज, होमरन आणि घरी आणलेले रन्स तिन्हींत लीगमधे पहिला. २७ फिस्क, १९७५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचमधे बाराव्या इनिंगला चेंडू आत राहा आत राहा म्हणून हात हलवणारा. ४५ पेड्रो, ३४ ऑर्टिझ. एकेका नंबरामागे एक दशक आपोआप उलगडतं.

४२ च्या महिन्यात मात्र जरा थांबा. तो जॅकी रॉबिन्सनचा. एप्रिल १९४५ मधे याच फेनवेवर त्याची चाचणी घेतली आणि रेड सॉक्सनी त्याला घेतलं नाही. दोन वर्षांनी तो ब्रुकलिनकडून खेळला, आणि रेड सॉक्सच्या टीममधे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्पसी ग्रीन, यायला जुलै १९५९ उजाडलं, सगळ्या लीगमधे सगळ्यात शेवटी. रेड सॉक्सनी आपला स्टार खेळाडू बेब रूथला यांकीजना एक लाख डॉलरला विकलं, म्हणून १९१८ नंतर ८६ वर्षं शाप लागला ही गोष्ट ऐकायला मस्त आहे, पण मला विचाराल तर त्या ८६ वर्षांतली बरीच दरिद्री वर्षं शापाने नाही, असल्या निर्णयांनी आलीत.

आणि ऐकीव इतिहासाबद्दल माझीच फजिती सांगतो. ऑफिसात जेवताना मी मोठ्या ऐटीत म्हणालो की १९८६ ची वर्ल्ड सिरीज रेड सॉक्सच्या फर्स्ट बेसवरच्या बकनरने घालवली, चेंडू पायातून गेला ना त्याच्या. समोर एक वयस्क सहकारी होते, खाता खाता शांतपणे म्हणाले, दहावी इनिंग वाचून ये आणि मग बोल. वाचली. बेसबॉल-रेफरन्स किंवा रेट्रोशीटवर जुन्या मॅचेस एकेक बॅटरप्रमाणे मिळतात, तुम्हीही २५ ऑक्टोबर १९८६ उघडा. रेड सॉक्स ५-३ पुढे, दोन आऊट, बेसवर कोणी नाही. मग समोरच्या टीमचे, मेट्सचे, तीन सिंगल्स, ५-४. मग पिचर बदलला, नव्या पिचर स्टॅनलीचा वाईल्ड पिच (कॅचरला अडवता न येणारा चेंडू), ५-५. बरोबरी इथेच झाली! बकनरच्या पायातून चेंडू गेला तो त्यानंतर. आणि ती सहावी मॅच होती, सातवी बाकी होती, तीही रेड सॉक्सनी पुढे असताना घालवली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलवर मी गप्प होतो.

म्हणून इतिहासातली कुठलीही प्रसिद्ध गोष्ट ऐकली की त्या दिवसाचा बॉक्स स्कोअर काढायचा. सगळ्यात शेवटी १७ ऑक्टोबर २००४ चा काढा. लीगच्या फायनलमधे यांकीज ३-० ने पुढे, आदल्या रात्री १९-८ ने धुतलेलं, नवव्या इनिंगला ४-३ ने मागे, समोर शेवटच्या इनिंगचा यांकीजचा हुकमी पिचर मारियानो रिव्हेरा. मिलरला वॉक, त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स. तो सेकंड चोरणार, म्हणजे पिचर चेंडू टाकतानाच पळत सेकंड बेस गाठणार, हे अख्ख्या स्टेडियमला माहीत, तरी चोरला, मुलरच्या सिंगलवर घरी आला, बाराव्याला ऑर्टिझचा होमरन, आणि तिथून सलग आठ मॅचेस जिंकून वर्ल्ड सिरीज. बॉक्स स्कोअरमधे रॉबर्ट्सची ओळ बघा: अ‍ॅट-बॅट ०, रन १, हिट ०. चोरलेला बेस खाली बारीक अक्षरात. पुढच्या वर्ल्ड सिरीजमधे तो एकही मॅच खेळला नाही.

ही मॅच वहीत उतरवायला मला तीन रविवार लागले. पाच तास दोन मिनिटं चालली होती, बारा इनिंग, वहीचे रकाने नवव्यालाच संपले, शेवटी शेजारचं पान कापून खळीने चिकटवलं. रॉबर्ट्सच्या चौकोनात बॅटिंगचं लिहायला काहीच नव्हतं, नुसती फर्स्टपासून घरापर्यंत एक रेघ.